ग्रामपंचायतीच्या पैशावर संशोधन: नमुना ८ पासून प्रबंधापर्यंत

अर्थशास्त्र, वाणिज्य किंवा लोकप्रशासन घेऊन पीएच.डी.ला नाव नोंदवणारे बरेच विद्यार्थी ग्रामपंचायतीवर येऊन थांबतात. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर सहज शोध घेतला तरी 'ग्रामपंचायतींच्या आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास' या धाटणीची शीर्षकं रांगेनं दिसतात. विषय मोलाचाच आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि गावातला नळ, गटार, दिवाबत्ती त्यांच्या पैशावर चालते. अडचण अशी की कित्येक प्रबंधांत आकडा पोर्टलवरून किंवा अहवालातून उचललेला असतो, आणि तो गावात कसा तयार झाला हे संशोधकानं पाहिलेलंच नसतं. घरपट्टीचा एक रुपया वहीत कुठून कुठे जातो हे स्वतः बघितल्याशिवाय ग्रामीण वित्तावर विधान करू नये, असं माझं ठाम मत आहे. हा लेख पहिल्यांदाच या कामात उतरणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी: विषय नको, प्रश्न हवा

'सातारा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींचे उत्पन्न व खर्च' हा विषय झाला. यातून उत्पन्नाची सारणी, खर्चाची सारणी आणि 'उत्पन्न वाढवणे गरजेचे आहे' एवढा निष्कर्ष निघतो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर 'हो' येईल की 'नाही', हे तुम्हाला आज सांगता येऊ नये.

उदाहरणार्थ: ग्रामपंचायत निवडणुकीच्या वर्षी घरपट्टीची वसुली वाढते की घटते?

दोन्ही बाजूंनी कारणं आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार, मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्यत्वाला अपात्र ठरतो. म्हणून अर्ज भरण्याआधी इच्छुक उमेदवार घरची थकबाकी चुकती करून दाखला घेतात. पॅनेल चालवणारे तर आपल्या बाजूच्या घरांचीही भरायला लावतात. उलट बाजूनं, निवडणूक तोंडावर असताना कुठला सरपंच थकबाकीदारांच्या दारात वसुलीचं पथक पाठवील?

आता प्रश्नाला रंग चढतो, कारण निवडणुका सगळीकडे एकाच वर्षी होत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या. बाकीच्यांच्या वेगवेगळ्या वर्षी होतात. म्हणजे एकाच तालुक्यात, त्याच वर्षी, निवडणूक असलेली आणि नसलेली अशी दोन्ही प्रकारची गावं सापडतात. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळे वसुली सगळीकडेच कोलमडली असेल, तर निवडणुकीच्या गावांत ती कमी कोलमडली की जास्त, हे दुसऱ्या गटाशी ताडून बघता येतं. नुसत्या 'आधी किती, नंतर किती' या तुलनेतून हे कधीच कळलं नसतं. आपल्या राज्याच्या निवडणूक वेळापत्रकानं संशोधकाला ही सोय आयती करून दिली आहे, आणि तिचा पुरेसा उपयोग होत नाही याची मला खंत वाटते.

असे प्रश्न आणखीही सुचतील. शहरालगतच्या गावात फ्लॅट वाढले, पण नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, त्यांची नोंद किती वर्षांनी झाली? महिला सरपंचांच्या काळात पाण्यावरचा खर्च बदलला का? प्रश्न एका वाक्यात बसत नसेल तर तो अजून पिकलेला नाही, असं समजा.

कायदा आधी, संदर्भसाहित्य नंतर

पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि प्रत्येक प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिथूनच सुरू होतं. ते असो. तुमच्या रोजच्या उपयोगाचा आहे तो १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, म्हणजे पूर्वीचा 'मुंबई ग्रामपंचायत अधिनियम'. कलम ५७ ग्रामनिधीचं, ६२ अंदाजपत्रकाचं, १२४ करांचं, १२९ वसुलीचं. ही चार कलमं मुळातून वाचा. सोबत १९६० चे कर व फी नियम घ्या आणि त्यातली डिसेंबर २०१५ ची दुरुस्ती विसरू नका. त्या दुरुस्तीनं घरपट्टीची आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन-इमारतीच्या किमतीवर आणली. त्यामुळे २०१५ च्या आधीची आणि नंतरची घरपट्टी एका रेषेत मांडून 'उत्पन्न वाढले' असं लिहिलं, तर वाढ लोकांनी जास्त भरल्यामुळे आली की आकारणीची रीत बदलल्यामुळे, हे वाचकाला कळणार नाही.

जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचा कायदा वेगळा, १९६१ चा. दोन्हींची सरमिसळ झाली तर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पैसा कुठल्या वाटेनं येतो

ढोबळ मानानं तीन वाटा. पहिली स्वतःच्या उत्पन्नाची: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, दाखल्यांची फी. दुसरी राज्याकडून येणारी, त्यात मुद्रांक शुल्काचा वाटा महत्त्वाचा. शहराजवळच्या आणि जमिनीचे व्यवहार जोरात असलेल्या गावांत तर फारच. तिसरी केंद्रीय वित्त आयोगाची.

या तिसऱ्या वाटेचे नियम दर आयोगाला बदलतात. चौदाव्या आयोगानं (२०१५–२०) सगळा पैसा ग्रामपंचायतींनाच दिला. पंधराव्यानं तो तिन्ही स्तरांत वाटायला सांगितला आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के असं प्रमाण ठरलं. शिवाय २०२१ पासून ६० टक्के निधी बंधित झाला: निम्मा पिण्याच्या पाण्यावर, निम्मा स्वच्छतेवर. म्हणून 'ग्रामपंचायतीनं स्वच्छतेला प्राधान्य दिले' असं लिहिण्याआधी तो पैसा दुसरीकडे वापरता तरी आला असता का, हे तपासा. प्राधान्य दिसतं ते अबंधित निधीत आणि ग्रामनिधीत. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात पेसा या तिथल्या पंचायतींच्या कायद्याखालचा ५ टक्के अबंध निधी थेट येतो, त्यामुळे नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या गावाची कोल्हापूरच्या गावाशी सरळ तुलना करू नये.

गावं निवडताना

एक तालुका, पंधरा-वीस ग्रामपंचायती. एकट्या संशोधकाला एवढं पुरे. संपूर्ण जिल्हा घेणारे शेवटी दर गावात अर्धा दिवस थांबतात आणि सरपंचाची प्रश्नावली भरून परततात.

इथे एक खाच आहे, ती आधीच सांगतो. जनगणनेचं 'गाव' आणि ग्रामपंचायत यांची हद्द नेहमी एक नसते. गट ग्रामपंचायत असेल तर एका पंचायतीत दोन-तीन महसुली गावं आणि चार वाड्या असतात. जनगणनेच्या यादीत ती वेगवेगळी, पंचायतीच्या हिशेबात एकत्र. दरडोई उत्पन्न काढताना एकाच गावाची लोकसंख्या धरली तर आकडा दुप्पट-तिप्पट फुगतो आणि ते गाव तुमच्या सारणीत उगाच श्रीमंत दिसतं. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक पंचायतीला आणि प्रत्येक महसुली गावाला संकेतांक असतो. कामाच्या पहिल्याच आठवड्यात एक्सेलमध्ये दोन्ही संकेतांकांची जोडणी करून ठेवा. नावांवर विसंबू नका. वडगाव, पिंपळगाव आणि खुर्द-बुद्रुक यांनी भल्याभल्यांना चकवलं आहे.

लोकसंख्येचाही प्रश्न आहेच. हाताशी असलेली जनगणना २०११ ची. शहरालगतचं गाव तेव्हापासून ओळखू येणार नाही इतकं बदललेलं असतं. माझी सूचना: दरडोईऐवजी दर मिळकतीमागे हिशेब करा. मिळकतींची संख्या तुम्हाला नमुना ८ मध्येच मिळेल आणि ती तुलनेनं ताजी असेल.

पोर्टलचा आकडा कसा वाचायचा

ई-ग्रामस्वराज पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. प्रत्येक पंचायतीचा आराखडा, जमा आणि खर्च तिथे दिसतो, घरबसल्या उतरवून घेता येतो. पहिला चाळणीचा अभ्यास म्हणून उत्तम.

रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या वित्तावर अहवाल काढला. त्यात देशभरातल्या २.५८ लाख पंचायतींची, पंचायत राज मंत्रालयाच्या आकडेवारीवर आधारलेली माहिती आहे. २०२२-२३ मध्ये एका पंचायतीला स्वतःच्या करांतून सरासरी २१ हजार रुपये मिळाले, करेतर उत्पन्न ७३ हजार आणि केंद्राचं अनुदान १७ लाखांच्या घरात, असं तो सांगतो. हा अहवाल प्रत्येक नव्या संशोधकानं वाचावाच. पण वाचताना थांबून हिशेब करा. समजा एका गावात ८०० मिळकती आहेत आणि घरामागे सगळे कर मिळून ५०० रुपये आकारले जातात. मागणी झाली चार लाख. निम्मी वसुली धरली तरी दोन लाख. मग २१ हजार कसे? एक कारण उघड आहे: ही देशाची सरासरी आहे, आणि अनेक राज्यांत पंचायती जवळजवळ करच गोळा करत नाहीत. दुसरी शक्यता तुम्हाला तपासायची आहे. वित्त आयोगाच्या निधीचं देयक पोर्टलवरूनच निघतं, त्यामुळे त्याची नोंद चुकत नाही. ग्रामनिधीचा व्यवहार वेगळ्या खात्यावर आणि वेगळ्या रोकडवहीत होतो. तो पोर्टलवर किती चढला हे गावागणिक बघावं लागतं. तुमच्या पंधरा गावांपुरता हा ताळा घेतलात, तर तेवढ्यावर एक चांगला शोधनिबंध उभा राहील.

वह्या उघडल्यावर

हा भाग सावकाश वाचा, कारण संशोधनाचा कस इथे लागतो.

२०११ च्या लेखा संहितेप्रमाणे ग्रामपंचायतीचं दप्तर नमुना १ ते ३३ मध्ये ठेवतात. सगळे लागत नाहीत. घरपट्टीसाठी चारच पुरतात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही: मिळकत क्रमांक, मालक, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, आकारलेला कर. नमुना ९ ही मागणीची नोंदवही: प्रत्येक मिळकतीची मागची थकबाकी, चालू वर्षाची मागणी, एकूण, आणि पुढे वसुलीची पावती व तारीख. नमुना १० म्हणजे पावतीपुस्तक. नमुना ५ म्हणजे रोकडवही.

काम असं करा. नमुना ८ मधून दहा मिळकती चिठ्ठ्या टाकून निवडा. त्या नमुना ९ मध्ये शोधा. जिथे वसुली दाखवली आहे तिथला पावती क्रमांक घ्या, नमुना १० चं स्थळप्रत पुस्तक काढा, रक्कम आणि तारीख जुळवा. मग त्या दिवसाची रोकडवही उघडा आणि बँकेत भरणा कधी झाला ते पासबुकात बघा. दहा मिळकतींना चार-पाच तास जातात. एवढं केलं की पुढचे सगळे आकडे तुम्हाला वेगळे दिसू लागतील. काही ठिकाणी साखळी चोख जुळते. काही ठिकाणी पावती एका महिन्याची आणि रोकडवहीतली नोंद पुढच्या महिन्याची निघते. वर्षअखेरीच्या पावत्या असतील तर हा फरक एका आर्थिक वर्षाची वसुली दुसऱ्या वर्षात ढकलतो, म्हणजे तुमच्या निवडणूक-वर्षाच्या प्रश्नालाच धक्का देतो. पावतीची तारीख धरणार की रोकडवहीची, हे आधी ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्या गावांना तेच लावा.

आता टक्केवारीचं. समजा थकबाकी ३ लाख, चालू मागणी २ लाख आणि वर्षभरात वसूल झाले १ लाख ८० हजार. एकूण मागणीवर वसुली ३६ टक्के. केवळ चालू मागणीवर ९० टक्के. आढावा बैठकीत कोणता आकडा सांगितला जातो हे तुम्ही ओळखलं असेलच. दोन्ही आकडे खरे आहेत. पण एका गावाची एक पद्धत आणि दुसऱ्याची दुसरी अशी सारणी छापली तर ती सारणी खोटी. सर्वांत चांगलं म्हणजे थकबाकीची वसुली आणि चालू वसुली वेगवेगळी उतरवून घ्या. ती नमुना ९ मध्ये वेगळी मिळते, वार्षिक अहवालात बहुधा एकत्र केलेली असते.

नमुना ८ ची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायची असते. शेवटची कधी झाली, हा प्रश्न प्रत्येक गावात विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

दप्तर मिळवायचं कसं

ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं २०२४ मध्ये एक होऊन 'ग्रामपंचायत अधिकारी' झाली, पण गावात अजून सगळे 'भाऊसाहेब' किंवा 'ग्रामसेवक'च म्हणतात. त्यांच्याकडे एकाहून अधिक गावं असू शकतात, वर बैठका, लेखापरीक्षण, ऑनलाइन कामं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ नका. वसुलीची धावपळ असते. जुलै-ऑगस्ट बरा.

आधी विद्यापीठाचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र घेऊन पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना भेटा. त्यांचं 'सहकार्य करावे' असं पत्र मिळालं की विस्तार अधिकाऱ्यांकडून गावात निरोप जातो. मग सरपंचांना फोन. पत्र दाखवून लगेच 'नमुना ९ द्या' म्हणू नका. आपण काय शोधतोय ते दोन वाक्यांत समजावून सांगा. "सर, कुणाच्या चुका काढायला आलेलो नाही. निवडणुकीच्या वर्षी वसुलीचं काय होतं ते बघतोय," असं सांगितलं की बहुतेक वेळा समोरूनच माहिती सुरू होते, आणि वीस वर्षांच्या नोकरीतून आलेली ती माहिती कुठल्याही अहवालात नसते. वसुली शिपायाशीही बोला. कोणतं घर कधी भरतं, लोक अदालतीची नोटीस गेल्यावर काय होतं, दाखल्याला आलेला माणूस थकबाकी कशी भरतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

माहितीचा अधिकार हा शेवटचा मार्ग ठेवा, पण तो नीट माहीत असू द्या. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सला पानाला २ रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. 'गेल्या दहा वर्षांची सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. अभिलेख तपासणी मागा. पहिल्या तासाला शुल्क नसतं आणि नेमकी कोणती पानं हवीत ते तुम्हाला तिथेच ठरवता येतं. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील.

लोकांची नावं जपा

नमुना ९ मध्ये कुणाकडे किती थकलंय हे नावानिशी असतं. गावात ही माहिती पेटू शकते, निवडणुकीच्या काळात तर नक्कीच. उतरवून घेताना नाव घेऊच नका. मिळकत क्रमांकाऐवजी स्वतःचा संकेतांक द्या आणि त्याची किल्ली वेगळ्या वहीत ठेवा. फोटो काढण्याआधी परवानगी. गाव लहान असेल आणि 'गावातला एकमेव पेट्रोलपंपवाला' असं लिहिलं, तर नाव न छापता छापल्यासारखंच आहे.

विश्लेषण

इथे थोडक्यात. सरासरीबरोबर मध्यक द्या, कारण एमआयडीसीलगतचं एक गाव पंधरा गावांची सरासरी एकटं उचलून नेतं. दहा वर्षांची तुलना असेल तर महागाई वजा करा. चालू किमतीत दुप्पट झालेलं उत्पन्न प्रत्यक्षात फारसं वाढलेलं नसतं. आरंभीची शिल्लक उत्पन्नात मिळवू नका. पंधरा गावांवर भारी सांख्यिकी चाचण्या लावून पानं भरण्यापेक्षा एका साध्या आलेखात दोन गटांची वसुली वर्षवार दाखवा. चाचणी लावलीच तर ती तुम्हाला तोंडी समजावता आली पाहिजे.

पार्श्वभूमीसाठी दरवर्षीची राज्याची आर्थिक पाहणी आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन घ्या. पुण्यात असाल तर १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयात आठवडाभर बसाच. महाराष्ट्राच्या गावांचे जुने अभ्यास बघितले की क्षेत्रीय काम म्हणजे काय ते उमगतं. लेखापरीक्षणासाठी स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल बघा. त्यातले आक्षेप वाचले की वह्यांत काय शोधायचं ते कळतं.

लिहिणं आणि छापणं

पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिकाची पारख आता तुमची आणि मार्गदर्शकांची. मराठीत लिहायला कचरू नका. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' आहे, परिषदेची अधिवेशनं होतात, आणि तिथे तुमच्यासारखीच वह्या चाळून आलेली माणसं भेटतात. विषयाचे शब्द (थकबाकी, मागणी, ताळमेळ, पुनर्विनियोजन) दप्तरात जसे आहेत तसेच वापरा.

आणि प्रबंध सादर झाला की प्रत्येक गावासाठी दोन पानांचा गोषवारा काढा: त्या गावाचे पाच वर्षांचे आकडे, शेजारच्या गावांचा मध्यक आणि तुम्हाला जाणवलेल्या दोन गोष्टी. टाइप करून ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंचांच्या हाती द्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा असतात; सरपंच तयार असतील तर त्यातल्या एका सभेत तो वाचून दाखवा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न लिहून घ्या. पुढच्या शोधनिबंधाचे प्रश्न बहुधा त्यातच असतात.